तिसरी सूचना

कंपनीत तिला कुणी नावाने हाक मारली नाही. कॉलेजातून काही आठवड्यांच्या कामासाठी येणाऱ्या मुलामुलींना तिथे सरसकट पाहुणे म्हणत. त्या खेपेला ती एकटीच आली होती, म्हणून ती पाहुणी. "पाहुणीला खुर्ची द्या रे." "पाहुणे, जेवून घ्या, इथे आग्रह करायला कुणी येणार नाही." पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवसापासून हाकेला ओ देऊ लागली.

कंपनी काहीच बनवत नव्हती. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू बिघडल्या की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तो नंबर इथे वाजायचा. खालच्या मजल्यावर लांबलचक दालन होतं. तिथे रांगांनी मुलंमुली बसलेली, कानाला हेडफोन, तोंडाशी वाकडी काडी, आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज, गिरणीत पीठ पडताना येतो तसा, न थांबणारा. वरच्या मजल्यावर एक अरुंद, बिनखिडकीची खोली होती. खाली झालेली बोलणी तिथे पुन्हा ऐकली जात. कोण नीट बोललं, कोण चुकलं, हे ठरवणारे चौघे तिथे बसत. पाहुणीला त्या खोलीत बसवलं होतं.

खोलीच्या प्रमुखांना सगळे कानसेन म्हणत. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि हे साऱ्या कंपनीला ठाऊक होतं. "आमच्याकडे न्यायदेवता आंधळी नाही, बहिरी आहे," असं खालची पोरं म्हणायची. कानसेनांनाही ते माहीत होतं. ते चांगल्या कानावर हेडफोन लावत, दुसऱ्या कानावर नुसताच हात ठेवत.

काम त्यांनी एका बैठकीत शिकवलं. नमस्कार केला का. नाव विचारलं का. तक्रार पुन्हा वाचून दाखवली का. दिलगिरी व्यक्त केली का. प्रत्येकाला गुण.

"आणि शिव्या देणारा असला तर?" तिने विचारलं.

"तर तीन सूचना. वाक्य ठरलेलं आहे. 'सर, आपण अशी भाषा वापरत राहिलात तर मला हा संवाद थांबवावा लागेल.' पूर्ण वाक्य. तीनदा. मग फोन ठेवायचा. दोनदाच सांगून ठेवला तर फेटल."

"फेटल म्हणजे?"

"म्हणजे माणूस गेला." तिचा चेहरा बघून ते हसले. "नोकरीतून ग. एवढी दचकू नकोस."

"पण समोरचा फारच घाण बोलत असेल तर? दोन सूचनांतच पुरे व्हावं इतकं?"

"घाण मोजायचं माप आपल्याकडे नाही," कानसेन म्हणाले. "वाक्यं मोजता येतात."

ऐकण्याचं काम तिला जमलं. तिचं सगळं लहानपणच ऐकण्यात गेलं होतं. दोन खोल्या आणि मागे एक बाल्कनी एवढं घर. पुढच्या खोलीत आईचं शिवणयंत्र. बाबा चपलांच्या दुकानात विक्रेते. दुकानातल्या त्या बुटक्या तिरक्या स्टुलावर बसून त्यांनी आयुष्यभर लोकांचे पाय हातात घेतले होते. "हो ताई, दाखवतो. काय आहे ना, हा जरा पुढे आवळतो, पण चामडं सैल पडतं हळूहळू." शाळा सुटली की ती दुकानात जाऊन मागच्या खोक्यांवर बसायची आणि ते बोलणं ऐकत अभ्यास करायची. बाई दहा जोड घालून बघे आणि काहीच न घेता उठे, तरी बाबांचा सूर चढत नसे. शेजारी त्यांना गरीब गाय म्हणत. आई म्हणायची, "गाय आहे म्हणून तर संसार झाला." घरात कधी कुणी ओरडलं नाही. दुसऱ्यांच्या घरांतून भांडणं ऐकू आली की ती कौतुकाने ऐकायची, परदेशातली भाषा ऐकावी तशी.

त्यामुळे वरच्या खोलीत पहिले काही दिवस तिला माणसांचं नवलच वाटलं. पंखा फिरत नाही म्हणून एक बाई रडत होती. एक म्हातारा रोज फोन करून एकाच मिक्सरची चौकशी करत होता, आणि तो मिक्सर त्याच्याकडे नव्हताच. आणि शिव्या. तिला माहीतही नसलेल्या शिव्या. त्या देणारी माणसं रस्त्यावर कशी दिसत असतील, याचा ती विचार करायची आणि तिच्या डोळ्यांपुढे काहीच यायचं नाही.

खाली एक रिवाज होता. शिव्या सुरू झाल्या की मुलं म्यूटचं बटण दाबत. समोरच्याला काही ऐकू जात नसे, आणि मग ती मोकळेपणाने उलट शिव्या देत. शेजारचा टाळी देई. मग बटण सोडून तोच गोड आवाज, "हो सर, आपली अडचण समजली सर." ज्याची म्यूटवरची शिवी सगळ्यात लांब, त्याला चहा मोफत. या खेळात एक बाई नसे. ती म्यूट करून फक्त नाक शिंकरी आणि परत कामाला लागे.

तिला काकू म्हणत. पस्तिशीची असेल, पण विशीतल्या त्या दालनात ती पुरातन वस्तू होती. "काकू, तुमच्या काळात फोन होते का हो?" "होते की. पण तुझ्यासारखे उचलणारे नव्हते, म्हणून कामं होत होती." नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: पाय जमिनीला टेकवून बसा, अधांतरी पायांनी शिव्या ऐकल्या की चक्कर येते. एकदा जिन्यात पाहुणीला थांबवून तिने विचारलं होतं, "तू वर ऐकणारी ना? मग आमचं जरा बऱ्या कानाने ऐक हं. साहेबांच्या वाटणीचंही."

तिसऱ्या आठवड्यात कानसेनांनी एक कॉल तिच्याकडे दिला.

"हा ऐक आणि निकाल लिही. गिऱ्हाईकाची तक्रार आहे की बाईने फोन कापला. काकू आहे."

तिने पाय जमिनीला टेकवले आणि हेडफोन लावला.

गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता ऐकणाऱ्यांना कळत नसे. ती जागा गाळलेली असायची. फ्रिज. दुरुस्तीवाला यायचा होता, आला नाही. पुन्हा पुन्हा तारीख दिली, दर वेळी आला नाही. माणसाचं म्हणणं खरंच होतं. काकू म्हणाली, "सर, मी दिलगीर आहे, नवीन तारीख घेऊन देते." तिथून त्याचा आवाज चढला. फाटलेला, पातळ आवाज, पत्रा ओढल्यासारखा. तारखांवरून तो कंपनीवर गेला, कंपनीवरून काकूच्या पगारावर, पगारावरून तिच्या आईबापांवर. काकूने पहिली सूचना दिली, पूर्ण वाक्य. तो हसला. "धमकी देतेस? फोनवर बसून पुरुषांशी बोलायचे पैसे घेणाऱ्या बाया तुम्ही. दिवसा हे, मग रात्री काय करता ते माहीत आहे मला." दुसरी सूचना. काकूचा आवाज 'थांबवावा'वर किंचित अडखळला, पण वाक्य पूर्ण झालं. त्यावर तो जे बोलला ते पाहुणीने मागे नेऊन परत ऐकलं नाही.

मग काकूकडून शांतता. म्यूट.

"हॅलो? हॅलो?" माणूस म्हणाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी दूर एका मुलीचा आवाज आला, "बाबा, चहा टाकू का?"

आणि तोच माणूस, फोन तोंडापासून थोडा लांब धरून, अगदी मऊ म्हणाला, "टाक ग राणी. साखर कमी घाल."

मग फोन परत तोंडाशी. "ए, मेलीस का?" त्यापुढे आणखी एक वाक्य. मग फोन कापल्याचा टक् आवाज.

पाहुणीने आधी ओळखलं ते 'राणी'. त्यानंतर बाबांना. मागची ती मुलगी कोण, हे कळायला मात्र वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो. ही कोण शहाणी मुलगी, असंच तिला क्षणभर वाटलं होतं.

तिला तो दिवस आठवला. घरचा फ्रिज बंद पडलेला, आणि मागच्या रविवारी बाबा फोन घेऊन बाल्कनीत होते, दार लोटलेलं. आत येऊन त्यांनी चहा घेतला होता आणि चहा चांगला झालाय म्हणाले होते.

"काय निकाल?" कानसेनांनी विचारलं.

"परत एकदा ऐकते," ती म्हणाली.

ती ऐकत बसली नाही. जेवणाच्या सुट्टीत खाली गेली. ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्यांशी कॉलविषयी बोलायचं नाही असा नियम होता. काकू जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसली होती, खात नव्हती.

"काकू, तो फ्रिजवाला."

काकूने वर पाहिलं. "तुझ्याकडे आलाय? बरं झालं."

"तिसरी सूचना नाहीये त्यात."

"दिली मी," काकू म्हणाली. "श्वास घ्यायला म्यूट केलं. मग सगळं वाक्य बोलले ग, स्वल्पविरामासकट. आणि ठेवला. ठेवल्यावर बघितलं तर बटण अजून लाल." तिने डब्याचं झाकण लावलं. "आयुष्यात पहिल्यांदा म्यूटवर काही बोलले, आणि काय बोलले तर नियमाचं वाक्य. पोरं शिव्या देतात, त्यांचं कुणी वाकडं करत नाही."

"रेकॉर्डिंगमध्ये येत नाही का?"

"गिऱ्हाईकाला जातं तेवढंच येतं. मी माझ्याच कानाला सूचना दिली." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "या वयात दुसरं दालन मला घेणार नाही. आमच्या घरात कमावणारी मी एकटी. पण ते तू लिहू नकोस, त्याला गुण नाहीत."

ते आपले बाबा आहेत, हे पाहुणीच्या ओठांवर येऊन तिथेच राहिलं. वर जाऊन तिने कानसेनांना विचारलं, "गिऱ्हाईकानेच सांगितलं की चूक माझी होती, तर?"

"तर कागद मिटतो. पण असं आजवर घडलं नाही. ज्याची चूक असते त्याला नंबर सापडत नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला दया येतेय. शनिवारपर्यंत ठेव तुझ्याकडे. सोमवारी मला निकाल पाहिजे."

त्या संध्याकाळी आई पुढच्या खोलीत एका झग्याला अस्तर लावत होती. बाबा दुकानातून आले नव्हते. पाहुणीने सगळं सांगितलं. आईचा पाय यंत्रावरून सुटला नाही.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"बाल्कनीत जातात तेव्हा मी यंत्र चालवते," आई म्हणाली.

"आई!"

"मग काय करू? आमच्या लग्नाला झाली किती वर्षं ते तू मोज. मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. तुला हात लावला नाही. दिवसभर माणूस लोकांच्या पायाशी बसतो. कुठेतरी सांडणारच. ज्यांची तोंडं दिसत नाहीत त्यांच्यावर सांडतं, घरात सांडत नाही." तिने दोरा दाताने तोडला. "मला ते बरं वाटतं, वाईट वाटलं तरी चालेल तुला."

"त्या बाईला तोंड आहे. मी रोज बघते."

आईने झगा उलटवला. मग म्हणाली, "मग तूच बोल त्यांच्याशी. पण जेवण झाल्यावर बोल."

जेवण झाल्यावर ती बोलली. बाबा आधी हसले. "मी? माझा आवाज कधी ऐकलास तू चढलेला?"

"ऐकला."

"रेकॉर्डिंगमध्ये सगळे आवाज सारखेच येतात ग."

"त्यात मी पण आहे, बाबा. मी चहाचं विचारते. तुम्ही साखर कमी म्हणता."

बाबा ताटातल्या उष्ट्याकडे बघत राहिले. त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते. पॉलिशने नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेले ते हात तिने कधी रिकामे पाहिले नव्हते. ते म्हणाले, "सगळं ऐकलंस?"

"काम होतं माझं."

"काय आहे ना..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. उठले, हात धुतले, धुतच राहिले. मोरीतूनच म्हणाले, "काय करायला पाहिजे आता?"

"फोन करून सांगा. तुमची चूक होती, तिची नव्हती. तिने तिसऱ्यांदा सांगितलं होतं म्हणा. एवढ्याने तिची नोकरी राहील."

"करतो. सुट्टीच्या दिवशी करतो."

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली आणि दुकानात जायचा शर्ट घातला. बाल्कनीत गेले नाहीत. पुढच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले आणि त्यांनी नंबर लावला. आईने यंत्र बंद ठेवलं. पाहुणी दारात उभी राहिली. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण बाबांना तिला ऐकवायचं होतं.

एका मुलाने उचलला. नमस्कार, नाव, तक्रार क्रमांक. सगळं नियमाप्रमाणे. पाहुणीच्या मनात आपोआप गुण पडत होते.

"हो साहेब, नमस्कार," बाबा दुकानातल्या आवाजात म्हणाले. "काय आहे ना, मागे मी फोन केला होता, तेव्हा एक ताई होत्या. माझं जरा जास्तच बोलणं झालं."

"समजलं सर. आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. मी त्यांची माफी मागतोय. माणूस वैतागतो, साहेब. पाच वेळा तारीख देता, कुणी येत नाही. दूध नासतं. तर बोललो मी. पण त्या ताईंचं काही चुकलं नाही. म्हणजे फोन मध्येच ठेवला त्यांनी, पण ते आपलं..."

"म्हणजे सर, आमच्या प्रतिनिधीने आपला फोन मध्येच ठेवला, बरोबर?"

"हो. म्हणजे ठेवला, पण..."

पाहुणी हाताने नाही, नाही करत होती. बाबांना वाटलं, ती म्हणतेय घाबरू नका.

"आणि दुरुस्तीची तारीख पाच वेळा चुकली, बरोबर?"

"ते तर झालंच आहे."

"झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत सर. आपली तक्रार तातडीची म्हणून नोंदवली आहे. आणखी काही मदत करू शकतो?"

"अहो, तक्रार नव्हे..."

"फोन केल्याबद्दल आभार, सर. आपला दिवस चांगला जावो."

बाबांनी फोन ठेवला. कपाळावर घाम होता. "झालं," ते म्हणाले. "चांगला होता मुलगा. उगाच मी इतके दिवस..." त्यांचा चेहरा इतका मोकळा, इतका हलका होता, की चुकलं हे सांगण्याऐवजी तिने त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. आईने यंत्र सुरू केलं.

सोमवारी कानसेनांनी तिला जवळ बोलावलं. पडद्यावर काकूच्या नावापुढे आता दोन तक्रारी होत्या. एकच गिऱ्हाईक, एकच मजकूर: प्रतिनिधीने फोन ठेवला.

"आता निकालाची गरजच राहिली नाही," ते म्हणाले. "दोन झाल्या की काढल्याचं पत्र वरून आपोआप निघतं."

"दुसरी तक्रार नाहीये ती. माफी आहे. तो कॉल काढून ऐका सर."

"ऐकला मी. माफी आहे."

"मग?"

"मग नोंदवणाऱ्याने काय करायचं होतं? त्याच्यापुढे तीन पर्याय असतात. चौकशी, तक्रार, पाठपुरावा. माफीला कोड नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या नवा कोड मागवायचा म्हटलं तर वर विचारतील, असे कॉल किती येतात? मी काय सांगू?"

"तो माणूस मनापासून बोलत होता."

"तुला काय माहीत?"

"ते माझे बाबा आहेत."

खोलीतल्या बाकीच्यांच्या कानांवर हेडफोन होते. कानसेनांनी एकदा त्यांच्याकडे पाहून घेतलं. नातेवाइकाचा कॉल ऐकणाऱ्याने तत्काळ परत करायचा असतो. केला नाही तर कॉलेजला कळवलं जातं, आणि केलेलं काम रद्द होतं. हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

त्यांनी मान वळवून अधू कान तिच्याकडे केला. "मला या बाजूने ऐकू येत नाही," ते म्हणाले. "जा, जागेवर बस. तुझा शेरा मी चांगला लिहिणार आहे. काम चांगलं केलंस."

"सर, मी पुन्हा सांगते. मोठ्याने सांगते."

"सांगून काकू राहणार आहे का?" त्यांनी प्रथमच आवाज खाली आणला. "चौकशी उघडली तरी कॉल तुझ्याकडून काढून दुसऱ्याकडे जाईल, तो काय लिहील? तिसरी सूचना नाही. तुझं वर्ष जाईल आणि तिची नोकरीही जाईल. एकीचं तरी राहू दे."

ती जागेवर जाऊन बसली. तिने मोठ्याने काही सांगितलं नाही.

काकू दुपारी निघाली. हेडफोन कंपनीचा, कानाला लावायचे स्पंजचे गोल मात्र ज्याचे त्याने आणायचे असत. ते तिने काढून पर्सच्या कप्प्यात ठेवले. पोरं तिच्याभोवती जमली, कुणीतरी म्हणालं, "काकू, आता खरोखर शिव्या देऊन जा, म्यूट नको." ती म्हणाली, "वेळेवर सुचायला पाहिजेत ना." मग सगळ्यांचे फोन वाजायला लागले आणि ते आपापल्या जागी गेले.

पाहुणीने तिला जिन्यात गाठलं आणि सांगून टाकलं. एका दमात, कुठेही न थांबता, बाबा, चहा, माफी, तीन पर्याय.

काकू कठड्याला धरून उभी होती. रागावेल असं पाहुणीला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"घरी कसे आहेत ते?" काकूने विचारलं.

"चांगले आहेत."

"असतातच," काकू म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. खालच्या वळणावर थांबून तिने वर न बघता विचारलं, "फ्रिज झाला का दुरुस्त?"

फ्रिज दुरुस्त झाला. तातडीची तक्रार असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी माणूस आला. त्याने मागची जाळी उघडली, एक तुकडा बदलला आणि दार पुसूनही दिलं. पाहुणी घरी आली तेव्हा बाबा फ्रिजपुढे स्टूल घेऊन बसले होते. आत दुधाची पिशवी, भाज्या, पाण्याच्या बाटल्या ओळीने लावलेल्या.

"बघ," ते म्हणाले, "गोड बोललं की काम होतं. आयुष्यभर हेच सांगत आलो मी दुकानातल्या पोरांना. आणि स्वतःच विसरलो." ते लाजल्यासारखे हसले. "ती बाई काय म्हणाली?"

आईने पुढच्या खोलीतून तिच्याकडे पाहिलं. आईची नजर स्पष्ट होती: सांगू नकोस. तिने सांगितलं.

"काढली?"

"हो."

"पण मी तर माफी मागितली. तुझ्यासमोर मागितली."

"ती तक्रारीत गेली, बाबा. दोन तक्रारी झाल्या. एकच असती तर निदान निकाल माझ्या हातात होता."

ते फ्रिजचं दार धरून उभे राहिले. दार उघडंच होतं आणि गार हवा बाहेर येत होती. त्यांच्या मानेवरची शीर तिला दिसली. ती शीर तिने आजवर पाहिलीच नव्हती, किंवा ती असते हे तिला माहीत नव्हतं.

"असं कसं?" ते म्हणाले. "माणूस माफी मागतो आणि हे हरामखोर तक्रार लिहून घेतात? एका बाईच्या पोटावर पाय? थांब तू."

"बाबा, नका. काही उपयोग नाही."

"थांब म्हटलं ना!"

त्यांनी फोन उचलून मोठ्या आवाजावर लावला. आईचं यंत्र सुरू झालं, जोरात, कापडाशिवाय नुसतंच. उचलणारी कुणी मुलगी होती. नवी असावी, तिने नमस्कार म्हणताना कंपनीचं नाव दोनदा घेतलं. बाबांनी सुरुवात शांतपणे केली. त्या ताईंना परत घ्या, म्हणाले. मुलीने तक्रार क्रमांक मागितला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मुलीने पुन्हा क्रमांक मागितला, दिलगिरी व्यक्त केली, आणि मग तो आवाज आला, पत्र्याचा.

"तुला माणसाची भाषा कळते का? का आईबापांनी पोपट जन्माला घातला?"

पाहुणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळून कुणी बघत असताना ते पुढचं बोलू शकणार नाहीत, असं तिला वाटलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नजर हलवली नाही, बाल्कनीकडे गेले नाहीत. ते पुढचं वाक्य बोलले, त्याच्या पुढचंही, तिच्या डोळ्यांत बघत. मधूनच तिला मान हलवून धीर देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. आपण लेकीसाठी काहीतरी करतो आहोत, असा तो चेहरा होता.